गोदाम, वस्ती आणि मधला पंधरा मीटरचा पट्टा

रात्री सव्वादोन वाजता वस्तीतल्या एका आजींनी मला पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत नेलं आणि दिवा लावू दिला नाही. लावायची गरजही नव्हती. समोरच्या गोदामाच्या भिंतीवरचा फ्लडलाइट थेट खिडकीतून आत येत होता आणि पलंगामागच्या भिंतीवर गजांची सावली उमटली होती. आवारात ट्रक वळला की हेडलाइटचा झोत छतावरून सरकत जायचा. कुठलं तरी शीतयंत्र एका सुरात घरघरत होतं आणि मधूनमधून ट्रक मागे घेतानाची ती ‘टीं टीं’. आजी म्हणाल्या, "हे सगळं तुमची झाडं लावून झाल्यानंतरचं आहे बरं का, ताई."

मी खाली पाहिलं. झाडं होती. तीन-तीन मीटरवर, एका रांगेत, गोदामाच्या मंजूर आराखड्यात दाखवली होती तशीच.

नियोजन कार्यालयात तो आराखडा तपासणाऱ्यांत मी होते, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहायचं आहे. कागद नियमाला धरून होता. मी मोजमापं पडताळली, रोपांची संख्या मोजली, शेरा लिहिला आणि पुढच्या फाइलकडे वळले. चार वर्षांनी त्या खोलीत उभी राहिले तेव्हा कळलं, की मी सगळं तपासलं होतं, फक्त झाडांचा तो पट्टा खरंच आडोसा देतो की नाही एवढंच तपासायचं राहिलं होतं.

जागेची मांडणी अशी. एका बाजूला जुनी वस्ती, बहुतेक घरं दुमजली. दुसऱ्या बाजूला पूर्वी मोकळी असलेली जमीन, तिथं मोठं गोदाम आलं. सामाईक हद्द २४० मीटर लांब. नियमाप्रमाणे हद्दीच्या आत १५ मीटर रुंदीचा बफर पट्टा, म्हणजे दोन्हींच्या मध्ये आडोशासाठी राखलेली जागा, सोडला होता. त्यापुढे ३५ मीटरचं ट्रकचं आवार आणि मग माल चढवण्या-उतरवण्याचे डॉक असलेली इमारत. आवार भराव घालून वस्तीपेक्षा साधारण एक मीटर उचललेलं. घरं हद्दीपासून आणखी १० मीटर मागे. म्हणजे आजींच्या खिडकीपासून गोदामाच्या भिंतीपर्यंत सरळ ६० मीटर.

नियमात बफरसाठी मोजक्याच अटी होत्या: हद्दीवर १.८ मीटर उंचीची भिंत, पट्ट्यात दर ३ मीटरला एक सदाहरित झाड, लावताना त्याची उंची किमान १.८ मीटर, उरलेल्या जागेत हिरवळ, आणि पहिल्या वर्षात मेलेलं झाड बदलून द्यायचं. जगभरातले बफरचे नियम थोड्याफार फरकाने याच घाटाचे असतात. रुंदी, अंतर, संख्या, लावतानाची उंची. हे सगळं टेप घेऊन मोजता येतं, म्हणून ते नियमात येतं. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या माणसाच्या खिडकीतून काय दिसेल आणि काय ऐकू येईल, हे त्या आकड्यांत कुठेच नसतं.

गोदामवाल्यांनी आपला विस्तार मागितला, आणखी दोन डॉकची परवानगी हवी होती, तेव्हा वस्तीने हरकत घेतली आणि प्रकरण पुन्हा नियोजन कार्यालयाच्या टेबलावर आलं. दोन्ही बाजूंनी मिळून एक पाहणी करून घ्यायचं ठरलं आणि ती माझ्याकडे आली. जुना शेरा माझाच होता हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. वस्तीतले काही लोक त्यावर चिडले. चिडायला हवंच होतं.

सुरुवात मी झाडांपासून केली नाही, नजरेच्या रेषेपासून केली. कागदावर एक साधा छेद काढला, म्हणजे जागा उभी कापून बाजूने पाहिल्यासारखं चित्र. पहिल्या मजल्यावर उभ्या माणसाचा डोळा घराच्या जमिनीपासून साधारण ४.५ मीटरवर. थंड मालाच्या ट्रकचं शीतयंत्र पेटीच्या कपाळावर असतं, आवाराच्या जमिनीपासून अंदाजे ३.५ मीटर उंच. आवार एक मीटर वर, म्हणजे तेही ४.५ मीटरवर. दोन टोकं सारख्या उंचीची असल्यावर रेषा आडवी निघते आणि ती हद्दीवरच्या १.८ मीटरच्या भिंतीच्या डोक्यावरून २.७ मीटर अंतर ठेवून जाते. भिंत असली काय आणि नसली काय. गोदामाच्या भिंतीवरचा दिवा आवारापासून ८ मीटर, म्हणजे घराच्या जमिनीपासून ९ मीटर. खिडकीतून दिव्याकडे जाणारी रेषा पट्ट्याच्या मध्यावर येते तेव्हा जमिनीपासून ५.८ मीटर उंच असते. १.८ मीटरचं रोप तिथं पोचायला किती वर्षं घेणार? तेही जगलं तर.

हा छेद काढायला मला पाऊण तास लागला. पहिल्या वेळी कोणी मागितला असता तर तेव्हाही पाऊण तासच लागला असता. पण छेद द्यावा अशी अटच नव्हती, वरून पाहिलेला नकाशा पुरत होता. वरून पाहिलं की प्रत्येक बफर सुंदर दिसतो. हिरवे गोल, एकसारखे, एका रांगेत.

आता झाडांकडे. ३ मीटरच्या अंतराने हद्दीवर ८१ झाडं लावली होती, सगळी एकाच जातीची. मी पाहणी केली तेव्हा ३४ मेलेली होती आणि त्यांतली २९ एकाच ९० मीटरच्या सखल तुकड्यात. तिथं आम्ही खड्डा घेतला. वरची १५ सेंटिमीटर माती काळी, भुसभुशीत, विकत आणून पसरलेली. त्याखाली कुदळ वाजली. बांधकामाच्या काळात पट्ट्यातच सळया, विटा आणि खडीचे ढीग होते, त्यांची वाहनं वर्षभर तिथूनच गेली होती. चिकणमातीची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण दीड ग्रॅमच्या वर गेली की मुळांना पुढं सरकता येत नाही आणि ही माती त्याच्याही पुढे गेलेली होती. खड्ड्यात ३० सेंटिमीटर पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर पाणी बोटभरच उतरलं होतं आणि त्याला आंबूस, कुजका वास येत होता.

एक मेलेलं झाड उपटलं तर ते हातात आलं, जोरही लावावा लागला नाही. मुळांचा गड्डा रोपवाटिकेच्या कुंडीच्या आकाराचाच राहिला होता. मुळं कुंडीच्या भिंतीला धरून जशी गोल फिरली होती तशीच, चार वर्षांनीही. आजूबाजूच्या मातीत एकही मूळ शिरलं नव्हतं. ते झाड जमिनीत लावलंच गेलं नव्हतं म्हणायचं, कडक मातीच्या वाडग्यात ठेवलं गेलं होतं आणि पावसात तो वाडगा भरून राहत होता. भरावामुळे वस्तीकडून पलीकडे जाणारं पाण्याचं जुनं वळण बंद झालं होतं, म्हणून हा सखल तुकडा सगळं पाणी धरून बसायचा. लावताना फिरलेली मुळं कापून मोकळी करायची, खड्डा गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण गड्ड्याइतकाच खोल घ्यायचा, खोडाचा पसरलेला बुंधा मातीच्या वर दिसला पाहिजे, हे रोपं लावणारा प्रत्येक जाणता माळी सांगतो. इथं उलट झालं होतं. खड्डे अरुंद आणि खोल, बुंधे मातीत पुरलेले.

जगलेल्या ४७ झाडांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त बोलकी. ती उंच झाली होती, काही तर पाच मीटरच्या आसपास. पण खालचे दोन मीटर नुसतं खोड. देखभालीच्या कंत्राटात ‘परिसर स्वच्छ ठेवणे’ असं लिहिलं होतं आणि गवत कापायचं यंत्र झाडाखालून सरळ जावं म्हणून माळी दरवर्षी खालच्या फांद्या छाटत होता. त्याच्याशी बोलले. भला माणूस, कामाला चोख. म्हणाला, "मॅडम, मला कोणी सांगितलंच नाही की या फांद्या ठेवायच्या आहेत. साहेब येतात, गवत बघतात." आडोशाचं झाड पायथ्यापासून भरलेलं असायला हवं आणि एकदा छाटलेली खालची फांदी बऱ्याच सदाहरित झाडांना परत नीट फुटत नाही, हे त्याला सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता.

हद्दीलगत पूर्वी पाच जुनी झाडं होती. तीन भिंतीसाठी तोडली. दोन वस्तीच्या बाजूची म्हणून वाचली असं सगळ्यांना वाटत होतं. पण भिंतीच्या पायाचा चर त्यांच्या खोडापासून दीड मीटरवरून गेला होता आणि पलीकडे यंत्रं फिरली होती. झाडाची मुळं सांभाळायची तर खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं ठेवायचं, असा सर्वत्र वापरला जाणारा दंडक आहे. ४० सेंटिमीटर खोडाच्या झाडासाठी ४.८ मीटर. मुळं खोल जातात हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये पसरलेली असतात. त्या दोनांतलं एक झाड तिसऱ्या वर्षी शेंड्याकडून वाळत आलं आणि गेलं. मुळं तुटल्याची किंमत झाड लगेच दाखवत नाही, दोन-चार वर्षांनी दाखवतं, तोवर ठेकेदाराचं बिल चुकतं झालेलं असतं. तीस-चाळीस वर्षांच्या त्या तीन झाडांचा जो आडोसा आयता होता, तो आपण हाताने पाडला आणि त्या जागी कुंडीतली रोपं लावली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आवाज. बैठकीत सगळ्यांत जास्त गैरसमज याच बाबतीत होते आणि ते दोन्ही बाजूंना होते. वस्तीचं म्हणणं, आणखी दाट झाडं लावा म्हणजे आवाज थांबेल. गोदामवाल्यांनाही ते सोयीचं वाटत होतं, झाडं स्वस्त. पण झाडं आवाज फारशी अडवत नाहीत. जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेला, पलीकडचं काहीच दिसू न देणारा झाडोरा साधारण ६० मीटर खोल असेल तेव्हा कुठे १० डेसिबलचा फरक पडतो. १० डेसिबल म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटणं. तीन डेसिबलचा फरक बहुतेकांना जेमतेम जाणवतो. आपल्याकडे रुंदी १५ मीटर आणि तीही विरळ. आवाजाच्या हिशोबात ती झाडं जवळपास नव्हतीच.

आवाज अडतो तो जड, सलग, फटी नसलेल्या वस्तूने, आणि तीही नजरेची रेषा तोडत असेल तरच. आवाजाचा उगम आणि कान यांच्यामधली रेषा भिंतीने नुसती तोडली तरी साधारण ५ डेसिबल कमी होतात, पुढे उंचीच्या प्रत्येक मीटरमागे दीडेक डेसिबल. भिंत उगमाच्या जवळ किंवा ऐकणाऱ्याच्या जवळ असेल तर जास्त काम करते, मधोमध असेल तर सगळ्यांत कमी. आणि तिच्या तळाशी पाणी जाण्यासाठी फट ठेवली की तिथून आवाज सरळ निघून येतो. हे मी खिडकीच्या उदाहरणाने सांगितलं: खिडकी बोटभर उघडी ठेवली तरी रस्ता ऐकू येतोच ना? ते सगळ्यांना पटलं.

याचा अर्थ झाडं नकोत असा मी कधीच घेतला नाही आणि बैठकीतल्या एका अभियंत्याशी माझा यावरून थोडा वादही झाला. त्याचं म्हणणं पाच मीटरची काँक्रीटची भिंत हद्दीवर उभी करा, विषय मिटला. पण घराच्या अंगणापासून पावलांच्या अंतरावर पाच मीटरची कोरी भिंत म्हणजे शेजाऱ्याला तुरुंगाचं आवार देणं. अंगणातल्या रोपांना ऊन नाही, वारा नाही. आवाजाचं काम भिंत करेल, डोळ्यांचं, सावलीचं, धुळीचं आणि पाण्याचं काम माती आणि झाडं करतील. दोन्ही एकमेकांच्या अंगावर बसवायचे, हा आमच्या उपायाचा गाभा होता.

दोन्ही बाजूंनी उतार असलेला मातीचा बांध घालायचा तर जागा खूप लागते. एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर लांबी, हा उतार माती धरून ठेवतो आणि त्यावर माणूस नीट काम करू शकतो. त्या हिशोबाने दोन मीटरच्या बांधाला, वर एक मीटर सपाट धरून, १३ मीटर रुंदी हवी. पट्टा १५ चा. पाण्याला वाट उरत नाही आणि उंचीही पुरत नाही. मग बांध अर्धाच घेतला. आवाराच्या बाजूने माती धरून ठेवणारी उभी भिंत, वस्तीच्या बाजूने एकास तीनचा उतार. घराच्या जमिनीपासून बांध ३ मीटर उंच, उताराला ९ मीटर आणि माथ्याला १ मीटर, मिळून १० मीटर रुंद. माथ्यावर २ मीटरची सलग आवाजरोधक भिंत, दर चौरस मीटरला किमान २० किलो वजनाची. एकूण माथा ५ मीटरवर, म्हणजे साडेचार मीटरच्या त्या आडव्या रेषेच्या अर्धा मीटर वर. आवारातून पाहिलं तर चार मीटरची सरळ भिंत, ट्रकच्या अगदी जवळ. वस्तीतून पाहिलं तर हिरवा चढ आणि वर डोकावणारी जेमतेम दोन मीटरची भिंत, तीही वेली चढल्या की झाकली जाणारी. उरलेल्या ५ मीटरमध्ये उताराच्या पायथ्याशी उथळ चर, बंद झालेलं पाण्याचं वळण मोकळं करणारा, आणि शेजारी देखभालीसाठी पायवाट.

कागदावर हे मांडून झाल्यावरही आजींना त्यातून काही कळत नव्हतं, आणि छेद वाचता यावा अशी अपेक्षा त्यांच्याकडून का करायची? म्हणून आम्ही फुगे लावले. प्रस्तावित भिंतीच्या रेषेवर, बरोबर पाच मीटरवर, दोरीने ताणलेले लाल फुगे, दहा-दहा मीटरवर एक. वारा नसलेली सकाळ निवडली. आवारात एक ट्रक नेहमीच्या जागी उभा करायला सांगितला. मग आजींच्या खोलीत सहा-सात जण दाटीवाटीने खिडकीशी. आजींनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ट्रक लपतोय. पण दिवा फुग्याच्या वर आहे." सगळ्या हिशोबाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं. शेजारच्या घरातल्या मुलाने खालच्या मजल्यावरून पाहिलं तर त्याला फुग्यांच्या मागे फक्त आकाश दिसत होतं. प्रत्येक घरातून असा फोटो काढला. पुढच्या सगळ्या बैठकांत हे फोटो टेबलावर राहिले आणि वादाचा सूर बराच खाली आला.

दिव्यासाठी भिंत आणखी वाढवणं मूर्खपणाचं झालं असतं. दिवा बदलणं एका दिवसाचं काम. वरून पूर्ण झाकलेला, प्रकाश सरळ खाली टाकणारा, आडव्या पातळीच्या वर एक किरणही न जाऊ देणारा दिवा, कमी उंचीवर, पिवळसर रंगाचा, आणि हालचाल नसेल तेव्हा मंद होणारा. बफरच्या फाइलमध्ये दिव्यांचा विषय बहुधा येतच नाही, तो विजेच्या आराखड्यात असतो, आणि दोन्ही फाइली वेगवेगळ्या टेबलांवर जातात. इथं त्या पहिल्यांदा एकत्र उघडल्या.

आवाजाचं तसंच. भिंतीने साधारण पाच-सहा डेसिबल मिळणार होते, जाणवण्याइतके पण समाधान होण्याइतके नाहीत, आणि हे मी वस्तीला आधीच स्पष्ट सांगितलं. नंतर अपेक्षाभंग झाला असता तर दोष सगळ्या उपायाला गेला असता. म्हणून उरलेलं काम उगमावर. उभ्या ट्रकची शीतयंत्रं डिझेलवर चालू न ठेवता डॉकवर विजेची जोडणी द्यायची. मागे घेतानाच्या एकसुरी ‘टीं टीं’ऐवजी ‘श्श श्श’ असा पसरट आवाज करणारे इशारे बसवायचे, ते जवळच्या माणसाला चांगले ऐकू येतात आणि दूरवर टोचत नाहीत. नवे दोन डॉक वस्तीकडच्या बाजूला न घेता इमारतीच्या पलीकडे घ्यायचे. या तिसऱ्या अटीवर गोदामाचे व्यवस्थापक अडून बसले. त्यांचा मुद्दा असा, की आम्ही पहिल्यांदा सगळे नियम पाळले होते, मग दंड आम्हाला का? मला तो मुद्दा अन्याय्य वाटत नाही. त्यांनी खरंच पाळले होते. नियमच अपुरा होता आणि तो तपासणारी मी होते. पण विस्ताराने रात्रीच्या फेऱ्या वाढणार होत्या आणि त्यांचा त्रास घरांनी सोसायचा हे मला मान्य नव्हतं. शेवटी डॉक पलीकडे गेले. आवारातली वळणंही अशी आखली की ट्रकला वस्तीकडच्या बाजूला मागे यावंच लागू नये.

लागवडीवर माझा हट्ट होता तो लहान रोपांचा. कार्यालयाला जुन्या नियमाप्रमाणे १.८ मीटरची, शक्यतो त्याहून मोठी झाडं हवी होती. मोठं झाड लावलं की पहिल्या दिवशी फोटो चांगला येतो. पण उपटून आणलेलं झाड आपली गेलेली मुळं परत कमवेपर्यंत वाढत नाही. खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे साधारण एक वर्ष, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. आठ सेंटिमीटर खोडाचं झाड तीन वर्षं नुसतं तग धरतं आणि तेवढ्यात नीट लावलेलं हातभर रोप त्याला गाठतं. आता भिंत पहिल्या दिवसापासून आडोसा देणारच होती, मग झाडांना घाई कशाला? आम्ही बहुतेक रोपं ६० ते ९० सेंटिमीटरची घेतली आणि वाचलेले पैसे मातीवर लावले. उताराची माती थराथराने भरली पण ठोकून घट्ट केली नाही, वरचा पाऊण मीटर सैल ठेवला, कंपोस्ट मिसळलं. जुन्या सखल तुकड्याची दाबलेली माती खोल नांगरून मोकळी केली. बांधाचा माथा लवकर वाळतो म्हणून तिथं कमी पाण्यावर जगणाऱ्या जाती, चराशी ओल सोसणाऱ्या.

जाती अकरा घेतल्या. एकाही जातीचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त नाही, एका प्रजातीगटाचा वीसहून नाही, एका कुळाचा तीसहून नाही. १९९० मध्ये फ्रँक सँटामूर या अमेरिकी संशोधकाने शहरी झाडांसाठी हा १०-२०-३० चा दंडक मांडला. एकच जात लावली की एकच रोग किंवा कीड सगळी रांग घेऊन जाते, हे एल्म आणि अॅश या झाडांच्या बाबतीत शहरांनी रस्तेच्या रस्ते ओकेबोके होताना पाहिलं आहे. आमच्या पहिल्या ८१ झाडांना रोग नव्हे, पाणी साचणं नडलं, पण कारण तेच: सगळी एकाच स्वभावाची होती. रांगा तीन, एकमेकींच्या फटीत येणाऱ्या. पुढे जमिनीलगत भरणारी झुडपं, मध्ये मोठी झुडपं, वर झाडं. फाटकाजवळ मात्र पाऊण मीटरहून उंच काही नाही, वळणाऱ्या ट्रकला पादचारी दिसला पाहिजे.

उरलेल्या जुन्या झाडापाशी बांध थांबवला. त्याच्या ४.८ मीटरच्या वर्तुळात भराव नाही, यंत्र नाही, आणि तिथली भिंत सलग पायावर न घेता मोजक्या खांबांवर तुळई टाकून उचलली. खांबांच्या जागा ठरवण्याआधी दाबलेल्या हवेच्या झोताने माती उडवून मुळं उघडी करून पाहिली. एका ठिकाणी मनगटाएवढं मूळ नेमकं खांबाच्या जागेवर निघालं. खांब ४० सेंटिमीटर सरकवला. तुळईखालची जागा आवाजासाठी बंद करणं आवश्यक होतं, तिथं मुळांवर भार न टाकणारं जाड पॅनेल जमिनीला टेकवून लावलं. या एका झाडावर इतका वेळ का, असं एकाने विचारलं. त्याच्याइतका आडोसा द्यायला नव्या रोपांना तीस वर्षं लागतील, म्हणून.

नवी परवानगी लिहिताना मी संख्येची अट काढून टाकायला लावली नाही, तिच्या पुढे दुसरी जोडली. पाच ठरलेल्या खिडक्यांतून, ठरलेल्या उंचीवरून, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी फोटो काढायचे, तेही पानं सगळ्यांत कमी असतात त्या दिवसांत, आणि त्यांत आवार ८० टक्के झाकलेलं दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी ते काम भिंतीचं, पाचव्या वर्षी भिंतच झाडांआड गेलेली हवी. मातीची आणि पाणी मुरण्याची तपासणी लागवडीच्या आधी, तिचा कागद दिल्याशिवाय रोपं उतरवायची नाहीत. बांधकाम चालू असताना पट्ट्याला पक्कं कुंपण, आत एक वीटही ठेवायची नाही. अनामत रक्कम एका वर्षाऐवजी पाच वर्षं अडकून राहणार. आणि माळ्याच्या कंत्राटाला दोन पानांची जोडपत्रिका: कुठली फांदी छाटायची नाही, पाणी किती आणि किती खोल, आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर पण खोडाला चिकटवायचं नाही. ती जोडपत्रिका मी त्याच माळ्याबरोबर बसून लिहिली. त्याने दोन सूचना दिल्या, दोन्ही घेतल्या. उतारावरचं गवत यंत्राने कापायचंच नाही, ही त्यांतली एक.

आज लागवडीला तीन वर्षं झाली. एका टोकाला वीस मीटरच्या तुकड्यातून जमिनीखालून मोठी जलवाहिनी जाते, तिच्यावर बांध किंवा झाडं चालत नाहीत. तिथं हलकी भिंत आणि झुडपं एवढंच करता आलं. त्या टोकाच्या दोन घरांना ट्रक अजून दिसतात आणि ऐकूही येतात. त्यांच्यासाठी खिडक्यांना दुहेरी काच बसवून देण्याचा ठराव झाला आहे, काम बाकी आहे. बाकीच्या उतारावर झुडपं भिंतीच्या निम्म्यापर्यंत आली आहेत. पहिल्या वर्षात काही रोपं गेली, ती लगेच बदलली.

तिसऱ्या वर्षीचे फोटो काढायला मागच्या महिन्यात गेले तेव्हा आजींनी रात्री थांबायचा आग्रह केला. साडेअकराला दिवे बंद केले. भिंतीवर गजांची सावली नव्हती. आवाज होता, पण लक्ष देऊन ऐकलं तर. जुन्या झाडाच्या शेंड्याला नवी पालवी दिसते आहे, ती मात्र सकाळीच नीट पाहता आली.